बेंगळुरूहून गावी जाताना: रेल्वे तिकिटावरील कोणती सवलत आजही मिळते?

बेंगळुरूत राहणारी अनेक मराठी कुटुंबे सोलापूर-पुण्याकडे जाण्यासाठी उद्यान एक्सप्रेसवर आणि बेळगाव-मिरजेकडे जाण्यासाठी राणी चन्नम्मा किंवा चालुक्य एक्सप्रेसवर अवलंबून आहेत. आपल्या घरात वयस्कर, दिव्यांग किंवा उपचारासाठी प्रवास करणारी व्यक्ती असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी पुढील माहिती वाचावी. सर्वाधिक गैरसमज ज्येष्ठांच्या सवलतीबाबत आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सवलत मिळते का?

सध्या नाही. पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत होती. कोविडच्या काळात, २० मार्च २०२० पासून ती थांबवण्यात आली आणि पुढे सुरू झाली नाही. त्यामुळे "वय टाका, तिकीट अर्ध्यात मिळेल" असे कोणी सांगून जास्तीचे पैसे मागत असेल, तर देऊ नका.

ही सवलत कायद्याने दिलेली नव्हती. ती रेल्वे मंत्रालयाच्या आदेशाने मिळत होती आणि आदेशानेच बंद झाली. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये ती परत द्यावी, अशी शिफारस केली आहे. त्यावर सरकारचे उत्तर असे, की प्रत्येक प्रवाशाला सवलत मिळतेच आहे: प्रवासी सेवेचा खर्च १०० रुपये असेल तर भाडे सरासरी ५४ रुपयेच घेतले जाते. २०२२-२३ मध्ये या अनुदानाची रक्कम ५६,९९३ कोटी रुपये होती, असे संसदेत सांगण्यात आले. हिशेब मोठा आहे. पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला तो तिकिटाच्या रकमेत दिसत नाही, आणि हा प्रश्न खासदार पुन्हापुन्हा विचारतात त्याचे कारणही तेच. निर्णय मंत्रालयाचा असल्याने आपले म्हणणे आपल्या खासदारांमार्फत तिथे पोहोचवता येते. स्थानकावरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसते.

मग ज्येष्ठांना काय मिळते?

खालचा बर्थ. ६० वर्षांवरील पुरुष, ४५ वर्षांवरील महिला आणि गर्भवती महिला यांच्यासाठी स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा ते सात, थर्ड एसीत चार ते पाच आणि सेकंड एसीत तीन ते चार खालचे बर्थ राखीव असतात. हा कोटा एकट्याने किंवा दोघांनी प्रवास करणाऱ्यांना उपयोगी पडतो. चार-पाच जणांचे तिकीट एकत्र काढले की आजी-आजोबांचा हा लाभ बहुधा हुकतो. त्यांचे तिकीट वेगळे काढा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडते. गणपती-दिवाळीचे तिकीट हवे असेल तर तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कोणाची सवलत चालू आहे?

दिव्यांगांचे चार प्रकार, रुग्णांचे अकरा प्रकार आणि विद्यार्थी.

सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग व बौद्धिक दिव्यांग, तसेच पूर्ण अंध व्यक्ती यांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, तेवढीच त्यांच्या एका सोबत्यालाही. सेकंड एसीत ती ५० टक्के होते. ऑनलाइन तिकिटावर सवलत हवी असेल तर रेल्वेचे दिव्यांगजन ओळखपत्र लागते. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. सरकारी डॉक्टरांचे रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र त्याला जोडावे लागते.

किडवाई संस्थेत कर्करोगाच्या तपासणीसाठी बेळगावहून येणारे, किंवा बेंगळुरूहून मुंबईला टाटा रुग्णालयात जाणारे, यांनी हे जरूर लक्षात ठेवावे: कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाड्यावर १०० टक्के आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. हृदय शस्त्रक्रियेसाठी, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी किंवा डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला या वर्गांत ७५ टक्के मिळते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र घ्या. साध्या कागदावरची चिठ्ठी चालत नाही. डॉक्टरांची वेळ घेतानाच हा कागद मागून ठेवला तर दुसरी खेप वाचते. रुग्ण सवलतीचे तिकीट आरक्षण खिडकीवरच काढावे.

कुठे अडकायला होते?

तत्काळ तिकिटावर कोणतीही सवलत नाही. घाईत तत्काळ काढले की कर्करुग्णालाही पूर्ण भाडे पडते. पूर्ण भाड्याचे तिकीट काढल्यावर नंतर फरक परत मिळत नाही, आणि गाडीत टीटीई सवलत लावून देत नाही. सवलत फक्त मूळ भाड्यावर असते, त्यामुळे आरक्षण शुल्क वगैरे वेगळे द्यावे लागू शकते. प्रवासात मूळ प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि तिकिटावर स्थानकाचे नाव नीट वाचा. बेंगळुरूत मॅजेस्टिकजवळचे केएसआर, यशवंतपूर आणि बैयप्पनहळ्ळीचे सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल ही तीन वेगळी मोठी स्थानके आहेत. चुकीच्या ठिकाणी पोहोचलात तर शहराच्या वाहतुकीतून दुसरे गाठेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. शंका असल्यास १३९ वर फोन करून गाडीचे नाव व क्रमांक सांगा.