रॉड चिकटतो तेव्हा

केंदूरहून शेजारच्या पाबळला निघालं की कोरडवाहू रानं लागतात. याच दुष्काळी पट्ट्यात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतली डॉक्टरेट, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी, हे सगळं मागे ठेवून ते पाबळला येऊन राहिले. शाळा सुटलेल्या पोरांना हाताने काम करत विज्ञान शिकवायचं, हा त्यांचा ध्यास. शेती-पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग; वर्षभर तिथेच राहायचं आणि काम करायचं.

‘अभ्यासात डोकं चालत नाही, निदान हाताचं काम शिक,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे मला कधीच पटलेलं नाही. वेल्डिंगचंच घ्या.

वेल्डिंगला पहिल्यांदा बसलेल्या पोराचा रॉड हमखास चिकटतो. रॉड आणि लोखंड यांच्यात तीनएक मिलिमीटर अंतर राखायचं असतं. जवळ गेला की चिकटला, लांब गेला की आर्क, म्हणजे विजेची ज्योत, तुटला. त्यात रॉड सारखा जळून आखूड होतो. म्हणजे हात सांध्यावरून पुढे न्यायचा आणि त्याच वेळी खालीही आणत राहायचा. काळ्या काचेतून दिसतं थोडंच. मुरलेला वेल्डर कानही लावून असतो: भजी तळल्यासारखा एकसारखा चरचर आवाज आला की अंतर बरोबर. हे सगळं वहीत उतरवून घेता येतं, पण वही वाचून हाताला येत नाही.

का येत नाही, याचा शोध मॉस्कोतल्या केंद्रीय श्रमसंस्थेत १९२०च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन यांनी घेतला. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हाताला छोटे दिवे बांधून त्यांनी हालचालींची छायाचित्रं घेतली. कसबी कामगाराचा घाव दर वेळी नेमका छिन्नीवर पडे. खांदा, कोपर, मनगट मात्र दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात. एका सांध्याची चूक दुसरा सांधा भरून काढी. सरावात माणूस तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवतो, असं बर्नस्टाइन यांचं म्हणणं.

शिवाय डोळ्याने पाहून हात सावरायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातोच. तेवढ्यात रॉड चिकटलेला असतो. म्हणून लहान मेंदू पुढे काय होणार याचा अंदाज आधीच बांधतो, आणि तो अंदाज चुकत चुकतच पक्का होतो.

यंत्राचं तसं नसतं. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने आश्रमात फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि ती पाबळात! अशा लॅबमधली कापणारी, कोरणारी यंत्रं बहुधा टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटरवर चालतात: एका फेऱ्याचे २०० टप्पे, एक टप्पा १.८ अंशांचा. संगणक टप्पे मोजून हुकूम देतो आणि काम झालं असं धरून चालतो. मध्येच काही अडकून चार टप्पे हुकले, तर साध्या यंत्राला पत्ताही लागत नाही. पुढची सगळी नक्षी तेवढीच सरकते. ते कळायला एन्कोडर, म्हणजे प्रत्यक्ष किती फिरलं हे मोजणारा भाग, जोडावा लागतो. हाताचा एन्कोडर स्नायूंतच असतो, डोळे मिटले तरी बोट कुठे आहे हे कळतं.

कलबाग २००३ साली गेले. आश्रमाचं काम चालू राहिलं. चिकटलेला रॉड झटका देऊन सोडवायचा, टोक साफ करायचं आणि पुन्हा आर्क धरायचा.