अभिव्यक्तिपर लेखन

अभिव्यक्तिपर लेखन : जीवनातील दुःखद वा क्लेशकारक अनुभव व त्यांच्याशी निगडित भावना मोकळेपणाने शब्दबद्ध करून त्यांना सामोरे जाण्याची पद्धती. हे लेखन मुख्यतः लिहिणाऱ्यापुरतेच असते. त्यात शुद्धलेखन वा शैली यांना महत्त्व नसते आणि लिहिलेला मजकूर नष्ट केला तरी चालतो.

या पद्धतीचा प्रायोगिक अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी केला (१९८६). त्यांनी ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटे लिहावयास सांगितले. काहींनी सामान्य विषयांवर, तर इतरांनी क्लेशकारक घटनांवर लिहिले. घटना व भावना या दोहोंविषयी लिहिणारे विद्यार्थी लेखनानंतर लगेच अधिक खिन्न आढळले. मात्र पुढील सहा महिन्यांत ते आरोग्यकेंद्रात तुलनेने कमी वेळा गेले. पुढे १४६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२००६) या पद्धतीचा सरासरी परिणाम अनुकूल, पण अल्प असल्याचे दिसून आले.

या परिणामाची कारणमीमांसा दोन प्रकारे केली जाते. दुःख दडवून ठेवण्याचा ताण लेखनामुळे हलका होतो, हे एक कारण. विस्कळित आठवणींना क्रम व कार्यकारणसंबंध प्राप्त होऊन अनुभवाचा अर्थ लागतो, हे दुसरे. केवळ भावनांचा निचरा पुरेसा नसतो, असे यावरून मानले जाते.

दुःखाला शब्दरूप देण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. सोलापूर जिल्ह्यात तिचे ठळक दाखले मिळतात. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा (मृ. १३३८) यांच्या अभंगांतून अस्पृश्यतेची वेदना व्यक्त झाली. याच जिल्ह्यातील महूद येथे जन्मलेल्या शिक्षिका शांताबाई कांबळे (१९२३–२०२३) यांनी निवृत्तीनंतर माज्या जल्माची चित्तरकथा (१९८६) हे आत्मकथन लिहिले. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे (१९५६– ) यांचे अक्करमाशी हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा माशांचा एक तोळा; अकरा माशांचे ते उणे, म्हणून अनौरस संततीस ‘अक्करमाशी’ म्हणून हिणवीत. समाजाने दिलेली ही शिवीच लेखकाने ग्रंथाचे शीर्षक केली.

तथापि अशी आत्मकथने व अभिव्यक्तिपर लेखन यांत मूलभूत फरक आहे. अभिव्यक्तिपर लेखनाला वाचक नसतो, तर आत्मकथन समाजाला जाब विचारते. प्रकाशनाने लेखकाबरोबर त्याच्या आप्तांचेही खाजगी जीवन उघड होते. त्यामुळे प्रकाशनाचा निर्णय लेखनाहून स्वतंत्रपणे घेणे इष्ट ठरते. शिवाय दुःखाचे मूळ जातिभेद, दारिद्र्य वा हिंसा यांत असेल, तर लेखनाने मनाला बळ मिळाले, तरी ते मूळ नाहीसे होत नाही. चोखामेळ्यांच्या अभंगांचे गायन शतकानुशतके होत राहिले. पण पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण व्हावे लागले.

आघात अगदी ताजा असताना असे लेखन करणे हितावह नसते. लिहिताना अस्वस्थता असह्य झाल्यास लेखन थांबवावे. तीव्र नैराश्य वा आत्मघाताचे विचार असल्यास तज्ञाचे साहाय्य घेणे आवश्यक असते. लेखन हे उपचारास पूरक ठरते, पर्याय नव्हे.