गाठ मानेतली, शंका टीबीची

आमच्या कराडकडे मानेत गाठ आली की आधी टीबीचंच नाव निघतं. ते वावगंही नाही. पुष्कळ गाठी तशाच निघतात. आमच्या ह्यांनाही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळचा ताप, रात्री बनियन पिळावं असा घाम, उतरलेलं वजन हे टीबीत आणि ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये सारखंच. गाठ मात्र गोळ्यांना दाद देईना. शेवटी एका सर्जनने सांगितलं, ‘‘सुईच्या तपासणीवर भागणार नाही, अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवू.’’ माझं ऐकाल तर गाठ हटत नसेल तेव्हा हा आग्रह आपणच धरावा.

निघाला लिम्फोमा, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर. मान, काख, जांघ इथल्या ग्रंथींत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतलीच एखादी बेफाम वाढत सुटते. लंडनच्या थॉमस हॉजकिनने १८३२ मध्ये अशा गाठींवर लिहिलं, म्हणून एका प्रकाराला त्याचं नाव. बाकी सगळे नॉन-हॉजकिन, आणि त्यांत कितीतरी जाती. ह्यांचा डिफ्यूज लार्ज बी-सेल. पेट स्कॅनमध्ये चौथी स्टेज आली तेव्हा दीर भिंतीला टेकून खालीच बसले. पण या आजारात चौथ्या स्टेजलाही पूर्ण बरं होण्यासाठीच उपचार करतात, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं.

दर २१ दिवसांनी केमो. लाल औषध गेलं की लघवी लाल. कुणी आधी सांगितलं नसतं तर घाबरलोच असतो. सोबत पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या, म्हणजे रात्री दोनला भूक आणि झोपेच्या नावाने शंख. मी पिठलं टाकायची. ताप १००.४ झाला की घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात.

गव्हांकुराचा रस घेऊन येणाऱ्यांना मी चहा पाजून वाटेला लावलं. खरा आधार दिरांचा. फाइल तारीखवार लावणं त्यांच्याकडे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही तेच वहीत लिहून आणत. उपचारासाठी परळला टाटा हॉस्पिटलात येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळू शकते. रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्यालाही सवलत असते. हॉस्पिटलचा सहीशिक्क्याचा दाखला तेवढा आधीच घेऊन ठेवा, ऐनवेळी खिडकीवर कुणी ऐकत नाही.