ठासणीची बंदूक : बार काढला, आता नळीत पाणी घाला



भात पोटरीला आले की रात्रीची राखण सुरू होते. माळ्यावर कंदील, खाली कुत्रा, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्या हाती ठासणीची बंदूक. सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीपासून वर आजरा, चंदगडपर्यंत शेतीसंरक्षणाची अशी बंदूक बाळगणारी घरे आहेत. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. कित्येक घरांत ती आजोबांपासून चालत आलेली असते.

अशी बंदूक मरते कशाने? वापराने मरत नाही. रात्री दोन बार काढले, सकाळी नळीवरून तेलाचा बोळा फिरवला, खुंटीला टांगली, आणि दिवाळीनंतर पाहावे तर नळी आतून तांबडी! तेल लावले होते ना? लावले होते. तरीही गंज आला. असे का होते तेच आज समजून घेऊ.

आपली काळी दारू म्हणजे सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ती जळते तेव्हा सगळीच धूर होऊन जात नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग क्षारांच्या रूपात मागे उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीला आतून चिकटतो. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. बार काढल्यावर नळीत बोट घाला, कोरडी काजळी लागेल. तीच बंदूक रात्रभर पडवीत ठेवा, सकाळी काजळीचा चिखल झालेला असेल. पाणी कोणी घातले? हवेने.

दुसरा शत्रू आणखी लपलेला आहे. निपलवर जी तांब्याची टोपी बसवतो, तिच्या पोटातल्या मसाल्यात पुष्कळदा पोटॅशियम क्लोरेट असते. ते फुटले की पोटॅशियम क्लोराइड उरते. हे आपल्या जेवणातल्या मिठाचे सख्खे भावंड. दिसायला काही दिसत नाही, पण निपलच्या भोकातून ते थेट नळीच्या बुडाशी जाऊन बसते. हवेतला दमटपणा सुमारे 84 टक्क्यांवर गेला की हे मीठ स्वतःहून पाझरू लागते. आपल्याकडे पावसाळ्यात असा दमटपणा रोजचाच. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचे आषाढात काय होते ते घरच्या माउलीला विचारा. तेच नळीत होते, फक्त तिथे लोखंड असते.

आता तेलाचे पाहू. घरात दोन वाट्या घ्या. एकीत पाणी, एकीत तेल. दोन्हींत चिमूटभर मीठ टाका आणि ढवळा. पाण्यातले मीठ दिसेनासे होईल. तेलातले मीठ तासाभरानेही तळाशी तसेच पडलेले दिसेल. नळीत तेल घातले की क्षार तिथेच राहतो, वर तेलाचे पांघरूण मात्र बसते, आणि त्या पांघरुणाखाली गंज निवांत चरत राहतो. घासलेटचेही तसेच. ते चिकटा काढते, मीठ काढत नाही. मीठ काढणारी वस्तू एकच, साधे गोडे पाणी. ‘लोखंडाला पाणी लावू नये’ हे वाडवडिलांचे म्हणणे कोयत्या-विळ्याला ठीक आहे. बार काढलेल्या नळीला पाणी लावलेच पाहिजे.

ही काही आपल्याच बंदुकीची गोष्ट नाही. पूर्वी फौजेतसुद्धा काळी दारू होती आणि शिपाई नळी पाण्याने धूत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. तिची काजळी फारशी नाही, तेव्हा पाणी कशाला, असे पुष्कळांना वाटले. तेलावर भागवलेल्या रायफली आतून गंजू लागल्या. कोणी दारूला दोष दिला, कोणी पोलादाला. 1922 साली अमेरिकेच्या खाण खात्यातल्या विल्बर्ट हफ या रसायनतज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि खरा चोर सापडला. तो होता टोपीतला क्षार. इंग्रज फौजेत तर थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतायची रीतच होती. आजही परदेशात लष्कराच्या जुन्या साठ्यातली स्वस्त काडतुसे घेणारे नेमबाज घरी आल्यावर आधी पाणी तापवतात, तेलाची बुधली मागाहून काढतात. फौजेला जे करावे लागले ते आपल्याला चुकणार कसे?

तर आता प्रत्यक्ष कृती. पण त्याआधी एक गोष्ट, आणि हिच्यात घाई नको. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. ठासणीची बंदूक बाहेरून पाहून भरलेली की रिकामी ते कळत नाही. ‘मी काल रिकामी केली होती’ या शब्दावरही विश्वास नको, घरात माणसे चार असतात. निपलवर टोपी नाही हे पाहा. मग नळीचे तोंड स्वतःपासून बाजूला ठेवून गज आत सोडा. बंदूक रिकामी असताना गज जिथवर जातो तिथे गजावर एक खूण कोरून ठेवलेली असावी. आज गज त्या खुणेपेक्षा वर राहिला, तर आत बार आहे असे समजा. अशी बंदूक साफ करायला घेऊ नका. बार कोरून काढायचा खटाटोप तर मुळीच करू नका. निपलच्या भोकातून पाणी सोडून दारू भिजवा आणि परवानाधारक कारागिराकडे न्या. त्याहून चांगले म्हणजे राखणीवरून घरी निघतानाच बंदूक रिकामी करून यावी, भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणूच नये. साफ करायला बसाल तेव्हा दारूचा डबा दुसऱ्या खोलीत, विडी विझवलेली, आणि मुले लांब.

पाणी कोणते? गोडे. वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्याजवळ काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. त्या पाण्याने धुणे म्हणजे मिठाने मीठ काढणे. चव घेऊन पाहा, खारट लागले तर पिण्याचे पाणी वापरा. दोन भांडी हवीत, एकात कोमट, दुसऱ्यात कढत.

नळी दस्त्यापासून सुटत असेल तर पितळी पट्ट्या आणि खिळ काढून सोडवावी, म्हणजे लाकूड भिजत नाही. पाना असेल तर निपलही काढून कोमट पाण्यात टाकावे. नळीचे बूड बादलीतल्या कोमट पाण्यात बुडवा. गजाच्या टोकाला सुती चिंधी घट्ट बांधा, ओली करा, आणि तोंडाकडून आत घालून वरखाली करा. गज वर येताना बुडाच्या भोकातून पाणी आत ओढले जाते, खाली जाताना बाहेर फेकले जाते. नळी हातपंपासारखी चालते. काळे पाणी येईल. नाकाला कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा. घाबरू नका, तो वास म्हणजे क्षार सुटत असल्याची खूण आहे. पाणी बदला, पुन्हा चालवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि वास जाईपर्यंत थांबू नका. बहुधा तिसऱ्या पाण्याला काम होते.

नळी सुटत नसेल तर दस्त्यावर जुने फडके गुंडाळा, चिंध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि एकामागून एक आत फिरवा. मधूनमधून तोंड खाली करून पाणी निथळू द्या. याला चिंध्या जास्त लागतात आणि वेळही. पण काम होते.

शेवटचे पाणी कढत. ते नरसाळ्याने तोंडाकडून ओता. धातू तापतो, हाताला फडके घ्या. तापलेली नळी आपल्याच उष्णतेने सुकते हा त्यातला फायदा. मात्र पाणी ओतून गप्पा मारत बसाल तर नळीवर पाहता पाहता तांबूस झाक येईल. लगेच कोरड्या चिंध्या फिरवा, शेवटची चिंधी कोरडी आणि पांढरी बाहेर आली पाहिजे. निपलचे भोक बारीक तारेने मोकळे करा. घोड्याचे तोंड आणि निपलभोवतालची जागा ओल्या फडक्याने पुसा, कारण टोपीची फुंकर तिथेही उडते. बहुतेक लोक नळी धुतात आणि घोडा विसरतात.

आणि आता तेल. होय, तेलही लागतेच, पण ते पाण्यानंतर. शिलाई मशीनचे पातळ तेल चिंधीवर घेऊन आतून बाहेरून हलका हात फिरवा. खोबरेल किंवा गोडेतेल नको. खाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होते आणि तो चिकटा निपलच्या भोकात बसतो. राख, रेती, चिंच यांपैकी काहीही नळीत घालू नका. चिंच समईला ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून पाहा. तांबूस डाग आला तर क्षार राहिला आहे, पुन्हा पाण्यापासून सुरुवात.

हे सगळे कधी करायचे? त्याच दिवशी. फार तर सकाळी उजाडल्यावर. ‘रविवारी बघू’ म्हणालात तर रविवारी गंज बघाल.

काडतुसाची बारा बोअर बंदूक वापरणाऱ्यांना एवढा खटाटोप नाही. हल्लीच्या काडतुसांच्या टोपीत बहुधा हा क्षार नसतो, चिंधी आणि तेल पुरते. जुन्या, माहीत नसलेल्या साठ्यातले काडतूस मात्र क्षाराचेच समजून चालावे.

कोणी म्हणेल, थोडा गंज आला तर बिघडले काय? बिघडते ते असे. गंजाने खाल्लेल्या नळीत खड्डे पडतात. खड्ड्यांत चिंधी अडकते, तिचा धुमसता तुकडा आत राहतो, आणि त्यावर नवी दारू ओतताना तिथेच भडका उडू शकतो. खडबडीत नळीत बारावरचा बोळाही अर्ध्यात अडकतो. दारू आणि बोळा यांच्यामध्ये पोकळी राहिली की नळी फुगते, कधी फुटते. ठासणीची बंदूक फुटते तेव्हा आपला डावा हात नळीखाली असतो आणि गाल दस्त्याला. एवढ्याचसाठी दोन बारांच्या मध्येही एक ओलसर चिंधी आणि तिच्यामागे एक कोरडी चिंधी फिरवावी. नळीला खोल खड्डे दिसले तर परवानाधारक कारागिराला दाखवा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून नळीला टाका मारून घेऊ नका. तो ट्रॉली जोडण्यात हुशार असेल, पण हे काम त्याचे नव्हे, आणि कायद्यातही बसत नाही.

बार कशावर काढता तेही पाहा. हाकलण्यासाठी नुसत्या दारूचा आवाज बहुतेक वेळा पुरतो. जनावरावर नेम धरण्याचा परवाना बंदुकीच्या परवान्यात येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते.

आता निवडणुकीचे. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. 2024 साली विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, म्हणजे ऐन भातकापणीत. हुकूम आल्यावर माणूस धावपळीत असेल तशी बंदूक नेऊन देतो, पावती घेतो आणि परत येतो. पुढे महिना-दीड महिना ती तिथे दहा बंदुकांच्या गठ्ठ्यात उभी राहते. आदल्या रात्रीचा क्षार आत असेल तर तेवढ्यात नळीचे काम तमाम होते, आणि त्याबद्दल ठाणे अंमलदाराशी भांडून उपयोग नाही. म्हणून हुकूम हाती आल्यावर आधी पाणी तापवा. धुऊन, सुकवून, नेहमीपेक्षा जरा जास्त तेल लावून मग बंदूक न्या. तोंडाला बूच किंवा कापडाचा बोळा मारू नका, आत ओल कोंडते. बंदूक रिकामी असल्याचे गज घालून तिथे दाखवा.

परत आणल्यावर तशीच भरू नका. नळीतले आणि निपलमधले तेल कोरड्या चिंधीने काढा, नाहीतर दारू भिजते आणि बार फुसका जातो. मग गजाची खूण पुन्हा पाहा, बंदूक रिकामी आहे ना? असेल तर मोकळ्या जागी, माणसे-जनावरे नाहीत अशा बाजूला, नळीचे तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरा आणि नुसती टोपी फोडा. पाते हलले तर वाट मोकळी आहे. हलले नाही तर निपलमध्ये तार घाला. एवढे मात्र ध्यानात असू द्या की टोपी फोडली म्हणजे क्षार आत गेलाच. त्या रात्री राखणीला जाणार नसाल, तर बंदूक खुंटीला टांगण्याआधी पुन्हा पाणी तापत ठेवा.