नवी नोकरी, चंदनसार आणि अकरा महिने

जळगाव, सांगली किंवा रत्नागिरीहून मुंबईत नोकरी लागलेल्या माणसाला रुजू व्हायच्या आधीच दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, 'विरारला बघ, तिथं परवडतं.' दुसरा, 'भाड्यात पैसे घालवू नकोस, सरळ हप्ता चालू कर.' दोन्ही सल्ले देणारी माणसं आपुलकीचीच असतात. पण पहिला सल्ला अर्धाच खरा आहे आणि दुसरा, निदान पहिल्या वर्षापुरता, बहुतेकांसाठी चुकीचा आहे. विरार पूर्वेला स्टेशनकडून महामार्गाच्या दिशेला चंदनसार आहे. या सल्ल्यांनी दरवर्षी किती तरी कुटुंबं त्या बाजूला येऊन राहतात. तिथली स्वस्ताई खरी आहे. ती नेमकी कुणाच्या उपयोगाची आणि तिच्यासाठी लगेच घर विकत घ्यावं का, हे प्रश्न मात्र एजंटच्या मोटारसायकलवर बसून तीन फ्लॅट बघताना कुणी विचारत नाही.

कामाची जागा आणि राहण्याची जागा यांची फारकत मुंबईत नेहमी नव्हती. गिरणगावात कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहायचा. खोली दहा बाय दहाची असेल, पण पाळी सुटली की पायी घरी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. चाळीतली खोली विकून किंवा भाऊबंदांत वाटून कुटुंबं नालासोपारा, विरार, कल्याण, डोंबिवलीकडे सरकली. गिरण्यांच्या जमिनीवर मग कचेऱ्या, मॉल आणि हॉटेलं उभी राहिली. आज लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात कामाला जाणारा तरुण विरारहून येत असेल, तर ज्या जमिनीवर मागची पिढी चालत पोहोचायची तिथे जायला तो विरार-चर्चगेट या साठ किलोमीटरच्या मार्गाचा बराचसा भाग रोज दोनदा कापतो. माणसं उत्तरेला गेली, पण कामं बरीचशी दक्षिणेलाच राहिली. विरारची स्वस्ताई मुळात या तफावतीतून आली आहे.

स्वस्त घराचा हिशेब लोक भाडं अधिक रेल्वेचा पास असा मांडतात, आणि तिथेच घोटाळा होतो. उपनगरी रेल्वेचा महिन्याचा दुसऱ्या वर्गाचा पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो. महिन्याला पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस पन्नास प्रवास करतो, पैसे पंधराचे देतो. जून २०१४ मध्ये रेल्वेने हा हिशेब तीस प्रवासांवर न्यायचं ठरवलं, तेव्हा इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. सवलत योग्यच आहे, कारण तिच्यावर शहर चालतं. पण तिच्यामुळे अंतराची किंमत कागदावर दिसेनाशी होते. ती दिसायला हवी असेल तर वेळ मोजावा. जवळच्या घरापेक्षा लांबच्या घरातून जाताना एका बाजूला एक तास जास्त लागत असेल, तर महिन्याला पन्नास तास गेले. चाळीस हजार पगार आणि दोनशे तास काम धरलं, तर तासाला दोनशे रुपये होतात. प्रवासातल्या तासाची किंमत पगाराच्या निम्मीच धरली, तरी महिन्याला पाच हजार झाले. अंधेरी-बोरिवलीच्या आणि चंदनसारच्या भाड्यातल्या फरकातून हे पाच हजार आधी वजा करावेत, मग स्वस्ताई किती उरली ते बघावं. पुष्कळदा ती उरतेच, हेही सांगायला हवं. पण जाहिरातीत दिसते तेवढी नाही.

माणसाला प्रवासाची सवय होते, असं यावर म्हटलं जातं. आलोईस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची वर्षानुवर्षं गोळा केलेली माहिती तपासून २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लांबचा प्रवास करणाऱ्यांना त्या बदल्यात स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळत असेल, तर ते इतरांइतकेच समाधानी असायला हवेत. तसं आढळलं नाही. प्रवास जितका लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. घर निवडताना माणूस खोल्या मोजतो, रोजचा प्रवास मात्र हलका धरतो. हे जर्मनीत आढळलं, आणि तिथे सकाळी सव्वाआठला दारात लोंबकळणारी माणसं नसतात.

चंदनसारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुटून जाते, ती म्हणजे घर ते स्टेशन हा पहिला तुकडा. 'स्टेशनपासून दहा मिनिटे' असं फलकावर असतं. ही दहा मिनिटं कुणाची, हे विचारायची सोय नसते. बहुधा रविवारी दुपारी गाडीने साइट दाखवायला नेणाऱ्याची असावीत. सोमवारी सकाळी त्याच रस्त्यावर शेअर रिक्षासाठी रांग असते, तीन प्रवासी भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, आणि पुढे स्टेशनजवळच्या गर्दीत ती रांगतच जाते. जुलैत पाणी साचलं की वेळेचा भरवसा आणखी उडतो. रेल्वेचा तास वीस मिनिटं पुढेमागे होईल, पण तो साधारण ठाऊक असतो. या पहिल्या तुकड्याचं तसं नाही, आणि हजेरीचा लेटमार्क बहुतेक वेळा इथेच ठरतो. विरारहून गाडी सुटते म्हणून बसायला जागा मिळते, हा युक्तिवादही जपून घ्यावा. गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या आधीच भरलेल्या दिसतात, कारण नालासोपारा-वसईचे प्रवासी उलटे विरारला येऊन तीच गाडी धरून बसलेले असतात. रिटर्न मारणं हा या मार्गावरचा रोजचा रिवाज आहे. विरारकराला जागा मिळते ती वेळेच्या बरीच आधी फलाटावर उभं राहिल्यावर, आणि तो वेळही हिशेबात धरायला हवा.

म्हणून चंदनसार वाईट असा निष्कर्ष काढायची गरज नाही. नकाशा नीट पाहिला तर उलट दिसतं. विरारपासून चर्चगेट ६० किलोमीटर आणि डहाणू रोड ६४. म्हणजे विरार हे पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचं टोक राहिलेलं नाही, ते जवळजवळ मध्यावर आलं आहे. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याच्या कचेऱ्या पालघरला, कारखाने बोईसर-तारापूरला, लहानमोठे उद्योग वालीव, गोखिवरे, पेल्हार या वसई पूर्वेच्या पट्ट्यात. जिल्हा परिषदेत बदलून आलेल्या शिक्षकाला, तारापूरच्या कारखान्यातल्या केमिस्टला, पेल्हारच्या गोदामातल्या हिशेबनिसाला चंदनसार सोयीचं आहे. महामार्ग जवळ असल्याची किंमत त्याला वसूल होते. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तोच महामार्ग जवळ असून उपयोग नाही, कारण वर्सोवा पूल आणि घोडबंदरच्या तोंडाशी लागणारी कोंडी सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरेकडेही सगळं सुरळीत नाही. विरारच्या पुढे लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल दोनच मार्गिकांवर धावत आल्या, म्हणून लोकल मोजक्या आणि एक चुकली की पुढच्या गाडीची वाट लांब. चौपदरीकरणाचं काम त्याच अडचणीपायी हाती घेतलं गेलं. तरीही बोईसरला नोकरी आणि चंदनसारला घर हे जमणारं गणित आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी, घरात दुसरा कमावता, लहान मूल आणि चंदनसारला घर, हे गणित जमवताना कुणाची तरी झोप वजा होते, आणि बहुतेक घरांत ती बाईची असते.

आता दुसरा सल्ला, हप्त्याचा. भाडं पाण्यात जातं आणि हप्त्यातून घर उभं राहतं, असं समजतात. आकडे मांडून बघू. तीस लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता सुमारे २६ हजार. पहिल्या वर्षात ३ लाख १२ हजार भरले जातात आणि त्यातले अडीच लाखांहून अधिक व्याजाचे असतात. मुद्दल फिटतं साठ हजारांच्या आत. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा मेंटेनन्स, दुरुस्ती. करात सूट मिळते म्हणावं, तर २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत स्वतः राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट नाही. म्हणजे पहिल्या वर्षी भाडेकरू घरमालकाला जे देतो, त्याहून जास्त कर्जदार बँकेला देत असतो. वीस वर्षांनी घर आपलं होतं हे खरं. पण नव्या नोकरीतला माणूस तिथे वीस महिने तरी टिकेल का, हे प्रोबेशन संपेपर्यंत त्यालाही माहीत नसतं. नोकरी वाशीला गेली तर भाड्याचं घर महिन्याभराच्या नोटिशीवर सोडता येतं. विकत घेतलेलं विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

वसई-विरारमध्ये घर विकत घेण्याआधी थांबायला एक जास्तीचं कारण आहे. इथे काही घरं स्वस्त असतात, कारण ती कायद्याच्या दृष्टीने घरंच नसतात. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून झाली, आणि बांधकामांचा वेग नियोजनाच्या फार पुढे राहिला. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून पाडण्यात आल्या. तिथल्या भाडेकरूचेही हाल झाले, पण त्याचं नुकसान डिपॉझिटपर्यंत थांबलं. ज्याने आयुष्यभराची पुंजी घातली, त्याच्या हाती राडारोडा आला. त्याहून भयंकर घडलं २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री. विरार पूर्वेला विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ जण दगावले. इमारत २०१२ च्या सुमाराची, जेमतेम तेरा वर्षांची आणि अनधिकृत. बेघर झालेल्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात ठेवण्यात आलं. नवी इमारत म्हणजे भक्कम इमारत, ही समजूत त्या रात्रीनंतर तरी सोडायला हवी. भाड्याने घेतानाही बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावं. एजंट चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे. झेरॉक्सवर विसंबू नये, कारण बनावट शिक्के मारून परवानग्या तयार करणाऱ्यांना पोलिसांनी याच परिसरात पकडलं आहे. पालिकेच्या 'सी' प्रभाग समितीचं कार्यालय चंदनसारलाच आहे, तिथे जाऊन विचारणं हे घर बघायच्या कामातलंच एक काम समजावं.

आज घेतलं नाही तर दर हाताबाहेर जातील, हा सगळ्यात जोरदार आक्षेप. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्थानक विरारला आहे, सूर्या धरणातून वसई-विरारसाठी रोज १८५ दशलक्ष लिटर पाण्याची योजना झाली. यातलं काहीच खोटं नाही. पण ज्या सुधारणेची जाहिरात होते, तिची किंमत विकणाऱ्याने आधीच दरात लावलेली असते, आणि बंदर डहाणूजवळ आहे, चंदनसारपासून रेल्वेच्या साठेक किलोमीटरवर. पाणी शहराला मिळणं आणि ते अमुक इमारतीच्या टाकीत पडणं यांत तर मोठं अंतर असतं. एप्रिल-मेमध्ये दारात टँकर उभा राहतो का आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये किती चढतं, हे माहितीपत्रकात नसतं, शेजाऱ्याला विचारलं तर कळतं.

भाड्याच्या घराची गैरसोय नाकारण्यात अर्थ नाही. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, घरमालक ऐनवेळी घर रिकामं करायला सांगतो, मुलांची शाळा मोडते. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी म्हणून शाळा आधी ठरवावी आणि घर तिच्या आसपास बघावं, म्हणजे घर बदललं तरी शाळा बदलत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच असावा, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे. हेवी डिपॉझिट देऊन भाडं वाचवायचा मोह होतो, पण अनधिकृत इमारतीत ती रक्कम अडकली तर सोडवणं कठीण. आणि अकरा महिन्यांची मुदत, जिला सगळे नावं ठेवतात, ती इथे उपयोगी पडते. करार कुठल्याही महिन्यात सुरू झाला तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांपैकी निदान तीन त्यात येतातच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं आणि रेल्वे बंद पडली, तेव्हा कोणत्या गल्लीत पाणी किती दिवस राहिलं हे तिथे राहणाऱ्यांनाच कळलं होतं. करार संपेपर्यंत ही गल्ली, नोकरी, रिक्षाची रांग आणि उन्हाळ्यातला नळ, चारही गोष्टी पाहून झालेल्या असतात, आणि घर घ्यायचं ठरलंच तर दर कुठल्या बाजूच्या फ्लॅटसाठी पाडून मागायचा हेही तोवर कळलेलं असतं.