श्वासाचे श्रेय

समुद्रतळाचा विषय निघाला की जाक कुस्तो यांची लाल टोपी डोळ्यांपुढे येते. त्यांच्या साहसाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्या झडपेच्या बळावर ते मत्स्यासारखे विहरले, ती घडविणाऱ्या एमिल गान्याँ या अभियंत्याचे नाव कितीजणांस ठाऊक आहे?

युद्धकाळात फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून गान्याँ यांनी एक झडप सिद्ध केली होती. डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो त्यांना पॅरिसमध्ये भेटले, आणि त्याच झडपेतून पाणबुड्याला हवी तेव्हा, सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा पुरविणारे यंत्र जन्मास आले. मार्न नदीतील चाचणीत ते आडवे पोहताना चाले. उभे राहताच हवा वाया जाई, डोके खाली करताच श्वास कोंडे. उच्छ्वासाचे तोंड झडपेच्या पातळीवर आणताच हा दोष गेला. १९४३ च्या उन्हाळ्यात कुस्तो भूमध्य समुद्रात उतरले.

तत्त्व मुळात जुनेच. रुकेरोल व देनेरूझ या फ्रेंचांनीच ते १८६० च्या दशकात योजिले होते. पुरेसा दाब सोसणारी टाकी मात्र तेव्हा नव्हती.

कुस्तो यांनी गान्याँ यांचे ऋण लपविले नाही. विसर पडला तो जगाला. १९५६ मध्ये कुस्तो यांच्या चित्रपटास कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक लाभले. गान्याँ १९४७ मध्येच कॅनडास गेले होते. तेथे ते नवनवी यंत्रे घडवीत राहिले.