कार्बोरेटरचा स्क्रू सर्वांत शेवटी

टू-स्ट्रोक स्कूटरचे ट्यूनिंग म्हणजे ठिणगी, हवा आणि पेट्रोल यांचा बिघडलेला मेळ पुन्हा जमवणे. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी जितकी पळत होती त्याहून जास्त पळवणे हा वेगळा नाद आहे, आणि खर्चिकही. घरच्या अंगणात चार पाने व एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन होते ते पहिले काम. बजाज चेतक त्यासाठी फार सोयीची. पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेली ही स्कूटर मूळची व्हेस्पाच्या घराण्यातली. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोकही तितकाच, म्हणजे इंजिन सुमारे १४५ सीसीचे. उजवे पॅनेल काढले की प्लग, कार्बोरेटर आणि फ्लायव्हील सगळे हाताशी येते.

या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे वर-खाली होणारे व्हॉल्व्ह नसतात. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते, तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांनी वर चढते. जळलेला वायू समोरच्या वाटेने सायलेन्सरकडे जातो. क्रँकच्या एका फेऱ्याला एक स्फोट, असा हा मामला. क्रँककेस मिश्रणाच्या ये-जा करण्यात गुंतल्यामुळे तिथे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि जाळून टाकायचे. चेतकसाठी हे प्रमाण २ टक्के, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर. इंजिनाच्या काळजीपोटी दुप्पट तेल घालणारे पुष्कळ असतात. त्याने प्लग काळा पडतो, सायलेन्सर लवकर तुंबतो, शिवाय कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल तेवढे कमी होते.

गाडी नीट चालत नाही म्हटल्यावर बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो क्रमच चुकीचा. ठिणगी कमजोर असताना किंवा सायलेन्सर तुंबलेला असताना मिश्रण जुळवणे म्हणजे एका दोषावर दुसरा दोष चढवणे होय.

सुरुवात प्लगपासून करावी. गाडी चांगली गरम करून मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये भरपूर रेसवर थोडे अंतर चालवावी, मग क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. तो भाजेल इतका तापलेला असतो, तेव्हा जाड फडके हवेच. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या चिनी मातीवर बिस्किटासारखा तांबूस रंग असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त येते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट ओला काळेपणा म्हणजे तेल जादा किंवा ठिणगी क्षीण. पांढरट, भाजल्यासारखा दिसणारा प्लग मात्र गंभीर इशारा असतो: पेट्रोल कमी पडते आहे, इंजिन तापते आहे, आणि पिस्टन जाम होण्याची वेळ दूर नाही. प्लग साफ करून फट साधारण ०.६ मिलिमीटर ठेवावी. परत बसवताना आधी हाताने फिरवावा. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि वाकडा शिरलेला प्लग त्याचे आटे खाऊन टाकतो.

जुन्या चेतकमध्ये ठिणगीची वेळ पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारी छोटी संपर्क-जोडी, ठरवतात. फ्लायव्हीलला असलेल्या खिडकीतून ते दिसतात. दोन्ही पॉइंट पूर्ण उघडले असताना मधली फट फिलर गेजने मोजावी, ती ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असायला हवी. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून पुढचे काही दिवस ढकलता येतात, पण नवा जोड घालणेच शहाणपणाचे. फ्लायव्हीलमागच्या प्लेटवरची खूण केसिंगवरच्या खुणेशी जुळते का हेही एकदा पाहावे, मात्र त्यासाठी पुलर लावून फ्लायव्हील काढावे लागते. हातोडीने ठोकून काढू नये. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत पॉइंटची ही कटकट उरली नाही.

पुढे सायलेन्सर. पिकअप हळूहळू कमी होत गेला आणि चढावर गाडी दम टाकू लागली, की बहुधा तिथे काजळी साचलेली असते. सायलेन्सर उतरवून खरवडावा. पिस्टन खाली आणून सिलिंडरचे एक्झॉस्टचे तोंडही लाकडी पट्टीने साफ करावे. लोखंडी अवजार पिस्टनच्या माथ्यावर ओरखडे पाडते, आणि त्या ओरखड्यांत काजळी आणखी घट्ट बसते.

आता कार्बोरेटर. पेट्रोलचा कॉक बंद करूनच पेटीचे झाकण उघडावे, आणि काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करावे. फिल्टरमधली जाळी पेट्रोलने धुऊन हवा मारून वाळवावी. मेन जेट हा या कार्बोरेटरमध्ये एकावर एक बसवलेल्या तीन तुकड्यांचा उंच खांब असतो: वर हवेची टोपी, मध्ये भोके पाडलेली नळी आणि तळाशी खरा जेट. वरून स्क्रू ड्रायव्हर लावला की तिन्ही एकदम निघतात. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालण्याची सवय जुनी आणि महागात पडणारी आहे. भोक केसभर जरी मोठे झाले तरी हिशेब बिघडतो. पेट्रोलमध्ये भिजवून फुंकर किंवा पंपाची हवा पुरते. स्कूटर एका बाजूला झुकवून किक मारण्याच्या प्रसिद्ध रिवाजाचे कारणही याच पेटीत असते. झुकवल्याने जादा पेट्रोल आत उतरते आणि चोकचे काम होते. जेट मोकळे असतील, चोक नीट उघडत असेल, तर त्या कसरतीची गरज उरत नाही.

एवढे झाल्यावरच मिश्रणाचा स्क्रू. कार्बोरेटरच्या मागच्या बाजूचा हा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवावा आणि साधारण दीड फेरा बाहेर काढावा. इंजिन गरम करून वरच्या स्क्रूने स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, किंचित वाढवावा. मग मागचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत जावे. आत घेतला की पेट्रोल कमी होते, बाहेर काढला की वाढते. आवाज जिथे सर्वांत एकसारखा लागेल तिथे थांबावे आणि स्लो पुन्हा खाली आणावा. हा स्क्रू फक्त स्लो व सुरुवातीच्या रेसपुरताच असतो. भरधाव चालताना मिश्रण ठरते ते मेन जेटवर. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते, त्यामुळे पांढरट प्लग वारंवार दिसू लागल्यास एक नंबर मोठा जेट घालणे योग्य. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि वॉशरही खराब करते, हवेतली ओल ओढते. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवू नये.

स्क्रू कितीही फिरवला तरी स्लो खाली येत नसेल आणि इंजिन तापत असेल, तर फ्लायव्हीलकडचे ऑइल सील फाटून बाहेरची हवा आत शिरते आहे असे समजावे. उलट, पांढरा धूर सुटत असून गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचे सील गेलेले असते आणि इंजिन गिअर ऑइलच ओढून जाळत असते. ही सील बदलणे अंगणातले काम नव्हे. तसेच पिस्टन-रिंगा झिजून किक हलकी लागू लागली, तर ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन घालणे हे लेथवाल्याचे काम आहे. अशा गाडीचा कार्बोरेटर घरी जुळवत बसण्यात अर्थ नसतो.